कॉझिअस्को: टापांखालचं शेवाळ

शुक्रवार: सिडनी ते ॲडमिनबी

स्नोई माउंटन्सला लोक जातात ते जून ते सप्टेंबरमध्ये, बर्फासाठी. आम्ही फेब्रुवारीत निघालो, कारण मला बर्फाखालची जमीन बघायची होती. कॉझिअस्को राष्ट्रीय उद्यानात मोकाट घोडे आहेत, इथे त्यांना ब्रम्बी म्हणतात. त्यांना ठेवायचं की काढायचं यावरून न्यू साउथ वेल्समध्ये वर्षानुवर्षं भांडण चाललंय. दोन्ही बाजूंचं पुष्कळ वाचून झालं होतं. आता डोळ्यांनी बघायचं होतं.

बरोबर बाबा होते. त्यांची सगळी नोकरी सातारा जिल्ह्यातल्या जनावरांच्या दवाखान्यांत गेली. जनावर समोर आलं की त्यांची नजर आधी खुरांकडे जाते, मग बरगड्यांकडे, आणि तोंडाकडे सगळ्यात शेवटी. या प्रवासाला मला असाच माणूस हवा होता.

कॅनबेरा मागे पडलं की मोनारोचं पठार लागतं. पिवळं गवत, उघडे माळ, लांबवर एखादी पवनचक्की. बाबा म्हणाले, "माणदेशच की गं हा." कूमात चहा घेतला. स्नोई योजनेची धरणं, बोगदे आणि वीजघरं १९४९ ते १९७४ या काळात उभी राहिली. त्यावर तीसहून जास्त देशांतले लाखभर लोक राबले आणि त्या सगळ्या कामाचं मुख्य ठाणं होतं हे कूमा. ही योजना लक्षात ठेवा, घोड्यांच्या गोष्टीत ती पुढे येणार आहे.

मुक्काम ॲडमिनबीला. जुनं गाव युकम्बीन जलाशयासाठी १९५०च्या दशकात उठवून इथे आणून वसवलं. चौकाजवळ ट्राउट माशाचा भलाथोरला पुतळा आहे आणि पर्यटक त्याच्यासमोर फोटो काढतात. ट्राउटही इथला नव्हे, शिकारीच्या हौसेसाठी बाहेरून आणून सोडलेला. त्याने इथल्या ओढ्यांतले लहान देशी मासे खाऊन संपवत आणले, आणि गावाने पुतळा उभारला तो त्याचा.

शनिवार: कियांड्रा आणि लाँग प्लेन

सकाळी कियांड्रा. १८५९च्या अखेरीस इथे सोनं सापडलं आणि काही महिन्यांत हजारो माणसं या थंड माळावर गोळा झाली. सोनं संपलं तशी पांगलीही. उरलेल्या मोजक्या इमारतींपैकी जुनं कोर्ट जानेवारी २०२०च्या वणव्यात जळालं. आजूबाजूच्या टेकड्यांवर स्नो गमचे जळके पांढरे बुंधे उभे आहेत आणि बुडातून नवी पालवी फुटतेय. त्या वणव्यांत उद्यानाचा जवळपास तिसरा हिस्सा जळाला. म्हणजे घोड्यांखेरीजही या जमिनीच्या मागे पुष्कळ काही लागलेलं आहे. हे इथेच सांगून ठेवते, नाहीतर सगळा दोष एकट्या घोड्याच्या माथी मारल्यासारखं होईल.

पुढे लाँग प्लेनचा कच्चा रस्ता. दोन्हीकडे टेकड्यांवर झाडी आणि मधलं खोरं मैलोन्‌मैल उघडं. झाडं कोणी तोडलेली नाहीत. रात्री थंड हवा उतारांवरून घरंगळत खोऱ्याच्या तळाशी साठते आणि त्या गारठ्यात रोपटी तगतच नाहीत. म्हणून खाली गवत आणि वर जंगल, हा इथला उलटा नियम. मुरुंबिजी नदीचा उगम याच खोऱ्याच्या वरच्या टोकाला आहे. इथे उडी मारून ओलांडता येते ती नदी पुढे कॅनबेराच्या अंगावरून जाते आणि शेकडो मैलांची शेती भिजवते.

कळप दिसला तो वळणावर अचानक. तीन घोड्या, दोन शिंगरं आणि जरा बाजूला मान ताठ करून उभा असलेला कुमैत नर. आयाळीत काटे अडकलेले, अंग मात्र चकचकीत. मी गाडी थांबवली. खोटं कशाला बोलू, डोळ्यांत पाणी आलं. खंडोबाच्या टाकावर घोडा, पोवाड्यात घोडा, लग्नाच्या वरातीत घोडा बघत वाढलेल्या माणसाला असा मोकळा घोडा दिसला की आत काहीतरी हलतंच. ऑस्ट्रेलियन माणसाचं वेगळं नाही. त्याच्या दहा डॉलरच्या नोटेवरही घोडेस्वार आहे. आणि इथले घोडे आपल्याकडेही आलेले आहेत. एकोणिसाव्या शतकात न्यू साउथ वेल्समधून 'वेलर' घोडे जहाजांत भरभरून हिंदुस्थानातल्या ब्रिटिश फौजेसाठी पाठवले जात.

बाबा दुर्बिणीतून बघत होते. म्हणाले, "मधल्या घोडीच्या पायाशी शिंगरू आहे, आणि ती पुन्हा गाभण दिसतेय." मग समजावून सांगितलं. घोडी अकरा महिने गाभण राहते आणि व्याल्यावर आठ-दहा दिवसांतच परत माजावर येते. चारा असेल आणि मागे कोणी लागणारं नसेल, तर कळप वाढायला वेळ लागत नाही. इथे मागे लागणारं जवळजवळ कोणी नाही. डिंगो, म्हणजे इथला रानकुत्रा, एखादं शिंगरू उचलतो, तेवढंच.

कळप गेल्यावर ते उभे होते तिथल्या ओढ्यापर्यंत चालत गेलो. वाटेत लिदीचे ढीग, काही गुडघ्याएवढे. नर आपली हद्द दाखवायला त्याच त्याच जागी लीद टाकतो. ओढ्याचा काठ मात्र काठ राहिला नव्हता. जिथे जिथे घोडे पाण्यावर उतरतात तिथे तिथे कड ढासळून उतरणी झालेल्या आणि खाली काळा चिखल. पाणी गढूळ. वरच्या अंगाला, जिथे काठ शाबूत होता, तिथे हाच ओढा हातभर रुंद, खोल आणि काचेसारखा होता, दोन्ही बाजूंनी गवताच्या जुड्या त्यावर ओणवलेल्या. एकाच ओढ्याचे हे दोन अवतार शंभर पावलांच्या अंतरात होते.

दुपारी कूइनबिलच्या तळावर घोडेस्वारांचा एक गट उतरला होता. उद्यानाच्या या भागात पाळीव घोडे आणायला परवानगी आहे. त्यांच्यातल्या एका सत्तरीच्या गृहस्थांशी बाबांचं छान जमलं, नाल ठोकण्यावरून. त्यांचे आजोबा उन्हाळ्यात गुरं घेऊन याच माळांवर यायचे. मोकाट घोडे हीच आमची आठवण, असं ते म्हणाले. सरकारने आधी गुरं काढली, आता घोडे, उद्या आम्हालाही येऊ देणार नाहीत. मला ते पटलं नाही, पण त्या माणसाचं दुःख खरं होतं. धनगराला रानातून हटवलं की त्याच्या पोटात जे होतं ते बाबांनी आयुष्यभर पाहिलंय. परतताना ते बराच वेळ गप्प होते.

रविवार: तांतांगारा

दिवसभर भुरभुर पाऊस. तांतांगारा जलाशयाच्या काठाने गाडीतूनच फिरलो आणि संध्याकाळी जिंडबाइनला मुक्काम हलवला. सांगण्यासारखी गोष्ट एकच, आणि ती आम्ही पाहिली नाही. पाहूही नये.

तांतांगारा ओढ्याच्या अगदी वरच्या टप्प्यात, एका धबधब्याच्या वर, 'स्टॉकी गॅलॅक्सियस' नावाचा बोटभर मासा राहतो. शास्त्राने त्याला स्वतंत्र जात म्हणून नाव दिलं ते २०१४मध्ये. ट्राउटला तो धबधबा चढता येत नाही, म्हणून हा मासा वाचला. त्याचं सगळं जग म्हणजे ओढ्याचा काही किलोमीटरचा तुकडा. त्याला दगडांच्या फटी लागतात आणि स्वच्छ पाणी लागतं. वरून घोडे काठ तुडवतात, माती वाहून येते आणि त्या फटी बुजतात. शिवाय स्नोई २.० या नव्या वीजप्रकल्पात तांतांगारा आणि टॅल्बिंगो हे जलाशय बोगद्याने जोडले जातायत. त्यातून दुसरे मासे वर चढतील ही धास्ती आहेच. एवढ्याशा जिवाला चारी बाजूंनी घेरलंय, आणि त्यातली घोड्याची बाजू आपल्याला आजच्या आज मोकळी करता येते.

सोमवार: डेड हॉर्स गॅप

थ्रेडबो गावाच्या पुढे 'आल्पाइन वे' या रस्त्यावर ही खिंड आहे, सुमारे १,५८० मीटरवर. बर्फात अडकून मेलेल्या घोड्यांवरून तिला हे नाव पडलं असं सांगतात. गाडी लावून कॅस्केडच्या वाटेला लागलो. खाली थ्रेडबो नदीचं वरचं खोरं पसरलेलं. त्या पाणथळ भागाला 'बिग बॉगी' म्हणतात.

इथे बाबांना स्फॅग्नम शेवाळ पहिल्यांदा जवळून बघायला मिळालं. पोपटी, मध्येच लालसर, फुगीर उंचवटे. वाटेच्या कडेला वाकून त्यांनी तळहात टेकवला आणि हात मनगटापर्यंत ओला झाला. भिजवलेल्या गोधडीवर हात ठेवावा तसं वाटतं, म्हणाले. हे शेवाळ आपल्या कोरड्या वजनाच्या पंधरा-वीस पट पाणी धरून ठेवतं. वरचा थर जिवंत असतो. खालचा मेलेला थर कुजत नाही, कारण पाण्यात हवा पोचत नाही. तो साचत साचत काळं पीट तयार होतं. हातभर पीट साचायला शतकानुशतकं लागतात, आणि इथले काही थर हजारो वर्षांचे आहेत. वसंतात वितळलेलं बर्फ ही दलदल पिऊन घेते आणि उन्हाळाभर झिरपवत राहते. स्नोई, मरे, मुरुंबिजी या सगळ्या नद्यांना कोरड्या महिन्यांत पाणी मिळतं त्यात या ओल्या गाद्यांचा वाटा आहे.

घोडा काय करतो ते बिग बॉगीत एका नजरेत दिसतं. चारशे किलोचं धूड चार कठीण खुरांवर. पाऊल रुततं, उपसलं की खड्डा राहतो. एकामागून एक घोडे त्याच वाटेने जातात आणि खड्ड्यांची चर होते. चर उताराला लागली की दलदलीतलं पाणी तिच्यातून पळून जातं. पाण्याची पातळी खाली उतरते, शेवाळ वरून सुकतं, पीटला हवा लागते आणि ते कुजायला लागतं. मग तिथे गवत येतं, झुडुपं येतात. गवत आलं की घोडे आणखी येतात. आणि कोरडं पीट पुढच्या वणव्यात जळतं. हजारो वर्षांचा साठा त्यात जातो.

बाबांनी मुद्दा काढला तो कासचा. मी त्याची वाटच बघत होते. "कासला गुरं-म्हशी चरायच्या म्हणून गवत दबून राहायचं आणि फुलांना जागा मिळायची. जाळी लावली, गुरं बंद झाली, तर गवत माजलं. लोक ओरडले तेव्हा जाळी काढली. मग इथे खूर एवढा वाईट कसा?" प्रश्न रास्त आहे. उत्तर बाबांनीच पुढच्या तासाभरात शोधलं. वाटेत कांगारूची ताजी पावलं होती. लांबट, मऊ गादीचं पाऊल, वजन पसरून टाकणारं. त्याच्या बाजूलाच घोड्याचा खूर चार बोटं आत रुतलेला. "आपल्या सह्याद्रीला गवा, भेकर, सांबर यांच्या खुरांची सवय आहे, लाखो वर्षांची," ते म्हणाले. "इथल्या मातीने खूर पाहिलेलाच नाही." खरंच नाही. १७८८मध्ये पहिल्या गलबतांतून घोडे-गुरं उतरली, त्याआधी या खंडावर खुराचं एकही जनावर नव्हतं. न्गारिगो आणि शेजारचे मूळ लोक पिढ्यान्‌पिढ्या उन्हाळ्यात बोगाँग पतंग भाजून खायला या डोंगरांवर जमायचे, ते अनवाणी.

फेब्रुवारी हा कॉरोबरी बेडकाचा महिना. अंगठ्याच्या पेराएवढा, काळ्यावर चमकदार पिवळे पट्टे. दक्षिणेकडची जात जगात फक्त या उद्यानात आढळते. नर शेवाळात बीळ करून बसतो आणि साद घालतो, मादी तिथेच अंडी घालते, पाण्यात नाही, ओल्या शेवाळात. अंड्यांतली पिल्लं तयार होऊनही बाहेर येत नाहीत. पावसाने बीळ भरेपर्यंत थांबून राहतात. म्हणजे या महिन्यात शेवाळावर टाप पडली की ती थेट पाळण्यावरच पडते. बेडूक मुळात कमी झाले ते कायट्रिड बुरशीमुळे, घोड्यामुळे नव्हे. सिडनीच्या टारोंगा आणि मेलबर्नच्या प्राणिसंग्रहालयांत त्यांची पैदास करून अंडी आणि बेडूक परत डोंगरात सोडतात. मग जी काही थोडी ओली जागा उरलीय तीही तुडवू दिली, तर ते सोडायचे कुठे?

खालच्या अंगाला सात-आठ घोडे चरत होते. त्यात एक पंचकल्याणी शिंगरू होतं, चारी पाय पांढरे आणि कपाळावर टिळा. पाण्यात उड्या मारत होतं.

मंगळवार: माथा

थ्रेडबोहून रोपवेच्या पाळण्याने वर गेलो आणि तिथून साडेसहा किलोमीटर चालत कॉझिअस्कोच्या माथ्यावर, २,२२८ मीटर. पोलिश प्रवासी स्ट्रझेलेकी याने १८४०मध्ये आपल्या देशातल्या स्वातंत्र्यवीराचं नाव या शिखराला दिलं. उंचीच्या मानाने चढ सोपा आहे, बाबा काठी टेकत आरामात आले. उतारांवर पांढऱ्या स्नो डेझी, मध्ये मध्ये पिवळी फुलं, आणि फेब्रुवारीतही सावलीला बर्फाचा एक मळकट पट्टा.

माझं लक्ष होतं पायांखाली. अर्ध्याहून जास्त वाट लोखंडी जाळीची आहे, जमिनीपासून वर उचललेली. खालून गवत वाढतं, पाणी वाहतं. माणसांच्या बुटांनी इथली जमीन उघडी पडायला लागली, म्हणून कित्येक किलोमीटर जाळी अंथरली. बाबा थांबले, जाळीवर काठी वाजवून म्हणाले, "मला सत्तर किलोच्या माणसाला खाली पाय ठेवू देत नाहीत, आणि काल ते चारशे किलोचे घोडे दलदलीत उभे होते." एवढं बोलून पुढे चालायला लागले.

या माथ्यावर एकेकाळी हजारो मेंढ्या आणि गुरं चरत होती. माती इतकी वाहून गेली की कॅरुथर्स शिखराच्या आसपास नुसते दगड उरले. ॲलेक कॉस्टिन या शास्त्रज्ञाने १९४०-५०च्या दशकांत या डोंगरांचा अभ्यास करून चराईचा परिणाम पुराव्यानिशी मांडला. ते ऐकलं गेलं त्यात स्नोई योजनेचाही हात होता, कारण गाळ धरणांत येणार होता. आधी माथ्याच्या भागातून, मग १९५८मध्ये साडेचार हजार फुटांच्या वरच्या सगळ्या भागातून चराई बंद झाली. त्यानंतर माणसांनी उतारांवर गवताचे भारे अंथरले, जाळ्या ठोकल्या, बांध घातले, बी पेरलं. आज जी फुलं दिसतात ती त्या कष्टांची आहेत. गुरं काढताना त्या सत्तरीच्या गृहस्थांच्या आजोबांना दुखलं असणारच. पण ती काढली नसती तर आज इथे उघडे दगड असते.

मग घोड्यांनाच वेगळा न्याय का मिळाला? २०००मध्ये गाय फॉक्स रिव्हर या दुसऱ्या राष्ट्रीय उद्यानात हेलिकॉप्टरमधून सहाशेच्या आसपास घोडे मारले गेले. त्यावर एवढा गदारोळ झाला की न्यू साउथ वेल्सने घोड्यांसाठी ती पद्धतच सोडून दिली. २०१८मध्ये तर कॉझिअस्कोतल्या घोड्यांचा वारसा जपण्याचा कायदाच झाला. २०२२च्या मोजणीत अंदाज निघाला १८,८१४ घोड्यांचा. त्या कायद्याखालच्या २०२१च्या आराखड्यात, उद्यानाच्या ३२ टक्के भागात ३,००० घोडे ठेवायचे आणि बाकी भाग मोकळा करायचा, असं ठरलं होतं. मुदत जून २०२७. पकडून लोकांना पाळायला देणं पुरं पडेना, तेव्हा ऑक्टोबर २०२३मध्ये हवेतून गोळ्या घालायला पुन्हा परवानगी मिळाली. २०२४च्या मोजणीत अंदाज तीन-चार हजारांवर उतरला.

संध्याकाळी जिंडबाइनच्या तळ्याकाठी बाबांना सरळ विचारलं, तुमच्या हातात असतं तर? त्यांनी बराच वेळ घेतला. "मी घोडं संपवलंय गं. पाय मोडलेलं, मालक रडत असताना. रात्री जेवण जात नाही." मग म्हणाले, संततीनियमनाचं इंजेक्शन द्यायला प्रत्येक घोडी पुन्हा पुन्हा गाठावी लागते, एवढ्या डोंगरात ते होणं नाही. पकडून ट्रकमध्ये घालून शेकडो मैल नेणं, ज्याने कधी दावं पाहिलं नाही त्या जनावराला, हेही हालच. आणि काहीच केलं नाही तर वणव्यानंतर, बर्फात, चाऱ्यावाचून टाचा घासून मरणं आहेच, फक्त ते कोणाला दिसत नाही. "नेमबाज चांगला हवा. आणि एकदाच काय ते पुरं करायला हवं. निम्म्यावर सोडलं तर दहा वर्षांनी पुन्हा तेवढेच मारावे लागतील."

मलाही हेच वाटतं, आणि ते पंचकल्याणी शिंगरू डोळ्यांसमोर ठेवून वाटतं. घोडा मोनारोच्या शेतांवर जगेल, हंटर व्हॅलीत जगेल, पुण्यात जगेल. कॉरोबरी बेडकाला आणि त्या बोटभर माशाला जायला दुसरी जागा नाही.

बुधवार: परत

परतीचा रस्ता तोच. कूमात थांबून बाबांनी घरी न्यायला मध घेतला.

कोणाला जायचं असेल तर: डिसेंबर ते मार्च उत्तम. लाँग प्लेन रोड हिवाळ्यात, जूनच्या लाँग वीकेंडपासून ऑक्टोबरच्या लाँग वीकेंडपर्यंत, बंद असतो. घोड्यांवरच्या कारवाईच्या काळातही काही भाग बंद करतात, आधी चौकशी करा. बूट घासूनपुसून न्या. ऑरेंज हॉकवीड नावाचं परकं तण इथे पसरू पाहतंय आणि त्याचं बी तळव्यांना चिकटून येतं. शेवाळ दिसलं की वाटेवरूनच बघा, आत उतरू नका.

आणि न्यू साउथ वेल्समध्ये मतदार असाल तर आपल्या आमदाराला पत्र लिहा. घोड्यांच्या बाजूची पत्रं ढिगाने जातात, बेडकाच्या बाजूची फार थोडी. मी घरी पोचल्यावर लिहिलं, बाबांनी खुरांचा परिच्छेद सांगितला. त्यात आम्ही म्हटलंय की ३,००० हा आकडाही जास्त आहे, आणि बिग बॉगी, तांतांगारा ओढा आणि बेडकांच्या सगळ्या दलदली यांच्यासाठी तो शून्य असायला हवा.